न हेरलेले खेळाडू : अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या भरतीची पार्श्वभूमी

२४ एप्रिल २०२५ रोजी ग्रीन बे येथे झालेल्या एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, टेनेसी टायटन्स संघाने पहिल्याच क्रमांकावर कॅम वॉर्ड या क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूची, निवड केली. अमेरिकी फुटबॉलमध्ये नवोदित खेळाडूला याहून मोठा मान नाही. याच वॉर्डने पाच वर्षांपूर्वी टेक्ससमधल्या वेस्ट कोलंबिया या लहान गावातली शाळा सोडली, तेव्हा त्याला शिष्यवृत्ती देऊ करणारे कॉलेज एकच निघाले होते : सॅन अँटोनियोचे इनकार्नेट वर्ड, आणि तेही वरच्या गटातले नव्हते. शालेय खेळाडूंना गुणवत्तेनुसार तारे देणाऱ्या संकेतस्थळांनी त्याला एकही तारा दिला नव्हता. त्याचे कारणही उघड आहे. त्याच्या शाळेचा संघ विंग-टी नावाच्या जुन्या पद्धतीने खेळत असे. तीत चेंडू घेऊन धावण्यावर सारा भर असतो आणि क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याचे प्रसंग मोजकेच येतात. फेक फारशी दिसतच नव्हती, मग तिची पारख कोण करणार?

असे किस्से अमेरिकेत दरवर्षी निघतात आणि ते बहुधा कुणा एका प्रशिक्षकाची नजर कमी पडली म्हणून सांगितले जातात. या भरतीचा इतिहास चाळला तर वेगळेच दिसते. कोणाकडे पाहायचे, कोणत्या गावापर्यंत जायचे आणि कोणत्या महिन्यापर्यंत थांबायचे, हे नियम, पैसा आणि समाजाच्या रूढी आधी ठरवून टाकतात. माणसाची पारख त्यानंतर सुरू होते.

दोन शब्दांचा खुलासा आधी केलेला बरा. येथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, शिरस्त्राण घालून खेळायचा अमेरिकी खेळ. आणि शिष्यवृत्ती म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर हुशार पण गरजू विद्यार्थी येतो, तसे येथे नाही. ही शिष्यवृत्ती केवळ खेळाच्या बळावर मिळते आणि तीत शिक्षणशुल्क, राहणे आणि जेवण यांचा समावेश असतो. अमेरिकेतल्या शाळांमधून सुमारे १० लाख मुले हा खेळ खेळतात. वरच्या गटातले कॉलेज-संघ २०२५ मध्ये १३६ होते आणि प्रत्येक संघ वर्षाला साधारण पंचविसेक नवी मुले घेत आला आहे. म्हणजे दरवर्षी शाळा संपवणाऱ्या काही लाख मुलांसाठी जागा जेमतेम तीन-साडेतीन हजार. गाळणी एवढी बारीक असल्यावर काही चांगले दाणे बाहेर पडणारच.

पहिला आंतरकॉलेज सामना रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झाला, परंतु खेळाडूला उघडपणे शिष्यवृत्ती द्यावी की नाही यावर पुढे कित्येक दशके वाद चालला. एनसीएए या नियामक संस्थेने १९४८ मध्ये अशा मदतीवर कडक बंधने घातली. ती जेमतेम तीन वर्षे टिकली. १९५६ मध्ये खेळासाठीच्या पूर्ण शिष्यवृत्तीला देशभर मान्यता मिळाली आणि आजच्या अर्थाची भरती खरी तेथून सुरू झाली.

त्या काळात सर्वांत अधिक गुणी खेळाडू नजरेतून सुटले ते दक्षिणेकडच्या राज्यांत, आणि ‘सुटले’ हा शब्दही तेथे सौम्यच ठरतो, कारण ती मुले सर्वांना दिसत होती. टेक्ससमधल्या ब्यूमाँटचा बब्बा स्मिथ हा शाळेच्या प्रशिक्षकाचाच मुलगा. अंगापिंडाने दांडगा आणि त्या देहाला न शोभणाऱ्या चपळाईचा. त्याच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठांच्या संघांत तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंना जागा नव्हती. तो दीड-दोन हजार किलोमीटर उत्तरेला मिशिगन स्टेटमध्ये गेला. तेथले प्रशिक्षक डफी डॉहर्टी यांनी दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय शाळांशी संबंध जोडले होते. टेक्ससच्या ला पोर्टहून जीन वॉशिंग्टन आणि दक्षिण कॅरोलायनातल्या अँडरसनहून जॉर्ज वेबस्टर असेच त्यांच्याकडे आले. १९६७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या आठ निवडींपैकी चार मिशिगन स्टेटच्या खेळाडूंच्या होत्या. बब्बा स्मिथ पहिला, वेबस्टर पाचवा, वॉशिंग्टन आठवा. दुसऱ्या क्रमांकाचा क्लिंट जोन्स तेवढा उत्तरेतल्या क्लीव्हलंडचा. दक्षिणेने नाकारलेल्या तीन मुलांवर मिशिगनमधल्या एका कॉलेजाने आपला संघ उभा केला होता. टेक्सस विद्यापीठाने १९६९ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले तेव्हाही त्याच्या मुख्य संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

या बंदीच्या अंताची एक आवडती कथा आहे. १२ सप्टेंबर १९७० रोजी बर्मिंगहॅममध्ये सदर्न कॅलिफोर्नियाने अलाबामाला ४२-२१ असे हरवले. चेंडू घेऊन धावणारा कृष्णवर्णीय फुलबॅक सॅम कनिंगहॅम १३५ यार्ड धावला, आणि त्या एका रात्रीत दक्षिणेचे डोळे उघडले, असे सांगतात. कथा रंगतदार आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. अलाबामाने विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला त्याआधीच शिष्यवृत्ती दिली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळता येत नसे, म्हणून तो त्या रात्री मैदानात नव्हता इतकेच. केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन तर १९६७ मध्येच साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या स्पर्धा-गटात खेळला होता. दरवाजा आधीच किलकिला झालेला होता. कनिंगहॅमने तो सताड उघडण्याची घाई मात्र वाढवली.

तो उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावरही ज्यांना आत घेतले गेले नाही, त्यांना ग्रँबलिंग, जॅक्सन स्टेट, मिसिसिपी व्हॅली स्टेट अशा कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांनी आसरा दिला. ग्रँबलिंगचे एडी रॉबिन्सन १९४१ ते १९९७ एकाच ठिकाणी प्रशिक्षक राहिले आणि त्यांनी ४०८ सामने जिंकले. जेरी राईसची हकीकत तर औपचारिक समानतेनंतरची आहे. तो मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड या खेड्यातला, गवंड्याचा मुलगा. भाऊ खालून विटा फेकायचे आणि तो वर त्या झेलायचा. शाळा बुडवताना उपमुख्याध्यापकांनी मागून हाक मारली, तेव्हा तो असा काही पळाला की त्यांनी शिक्षेबरोबर त्याचे नाव फुटबॉलच्या प्रशिक्षकांनाही कळवले. मोठी कॉलेजे मात्र त्याच्या वाटेला गेली नाहीत. तो मिसिसिपी व्हॅली स्टेटमध्ये खेळला, १९८५ मध्ये सोळाव्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सने त्याला निवडले, आणि निवृत्त झाला तेव्हा चेंडू झेलण्याचे जवळपास सगळे विक्रम त्याच्या नावावर होते.

वर्णाची भिंत पडत असतानाच दुसरा बदल होत होता. मोठ्या संघांना शिष्यवृत्तींच्या संख्येचे बंधन नव्हते, त्यामुळे स्वतःला गरज नसली तरी प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नये एवढ्यासाठी मुले पदरी ठेवण्याची चाल होती. १९७३ मध्ये ही संख्या १०५ वर, १९७८ मध्ये ९५ वर आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ८५ वर आली. मोठ्यांच्या बाकांवर कुजणारी मुले लहान कॉलेजांत जाऊन खेळू लागली, ही यातली भली बाजू. उलट प्रत्येक जागेची किंमत वाढली, आणि किंमत वाढली की चूक टाळण्याची वृत्तीही वाढते : उंची, वजन, धावण्याची वेळ अशा मोजता येणाऱ्या गोष्टींकडे ओढा वाढला.

ही मोजमापे विकणारा धंदाही याच सुमारास आकाराला आला. सुरुवातीला शिकागोच्या टॉम लेमिंगसारखे लोक गाडी घेऊन गावोगाव शाळा पालथ्या घालत आणि छापील पुस्तिका काढत. १९९८ मध्ये रायव्हल्स हे संकेतस्थळ निघाले, २००७ मध्ये याहूने ते विकत घेतले, २०१० मध्ये ट्वेंटीफोरसेव्हन स्पोर्ट्स आले आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना दोन, तीन, चार, पाच तारे देण्याची रीत रूढ झाली. ट्वेंटीफोरसेव्हन दरवर्षी साधारण ३२ जणांनाच पाच तारे देते, कारण ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या जागाही तेवढ्याच आहेत. हे तारे निरर्थक आहेत असे म्हणणे चुकीचे ठरेल. पाच ताऱ्यांचा मुलगा एनएफएलमध्ये पोहोचण्याची शक्यता दोन ताऱ्यांच्या मुलापेक्षा कितीतरी पट अधिक असते. प्रश्न तळाचा आहे. दोन ताऱ्यांचा किंवा बिनताऱ्यांचा म्हणजे पाहून कमी ठरवलेला की मुळात न पाहिलेला, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

नीट पाहूनही निसटणे म्हणजे काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन शहरातच सापडते. ऑस्टिनच्या वेस्टलेक शाळेच्या ड्रू ब्रीसचा गुडघा १९९५ मध्ये दुखावला. पुढच्या वर्षी त्याने शाळेला अपराजित राहून राज्याचे विजेतेपद मिळवून दिले. तरीही उंची सहा फूटच, म्हणून राज्यातली बडी विद्यापीठे दूर राहिली आणि मोठ्या कॉलेजांपैकी इंडियानातले पर्ड्यू आणि केंटकी एवढीच पुढे आली. तो पर्ड्यूला गेला आणि पुढे सुपर बोल या एनएफएलच्या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच शाळेचा निक फोल्सही टेक्ससबाहेर खेळला आणि त्यानेही सुपर बोलमध्ये तोच मान मिळवला.

शहराच्या पश्चिमेला लेक ट्रॅव्हिस शाळा आहे. तेथल्या गॅरेट गिल्बर्ट या क्वार्टरबॅकला टेक्सस विद्यापीठाने मोठ्या अपेक्षेने घेतले. २००८ मध्ये तो देशातला सर्वोत्तम शालेय खेळाडू ठरला होता. २०१० च्या हंगामात त्याच्या १० फेकींवर टचडाउनचे गुण मिळाले आणि १७ फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या, आदल्या वर्षी राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेला संघ ५ विजय आणि ७ पराभवांवर घसरला आणि पुढे गिल्बर्ट दुसऱ्या कॉलेजात गेला. त्यानंतर त्याच शाळेतून, त्याच जागेवर खेळणारा बेकर मेफिल्ड निघाला. २०११ मध्ये त्याने शाळेला राज्याचे विजेतेपद मिळवून दिले होते. विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली नाही. तो टेक्सस टेकमध्ये आणि नंतर ओक्लाहोमात बिनशिष्यवृत्तीने दाखल झाला, कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी २०१७ ची हाइजमन ट्रॉफी जिंकला आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. ओक्लाहोमा म्हणजे टेक्ससचा हाडवैरी. दर ऑक्टोबरात डॅलसला दोघांची गाठ पडते. मेफिल्डने तेथे तीनपैकी दोन सामने जिंकले. याच राज्यातल्या रॉबर्ट ग्रिफिन आणि जॉनी मॅन्झिएल यांनाही विद्यापीठाने क्वार्टरबॅक म्हणून घेतले नव्हते. ते अनुक्रमे २०११ आणि २०१२ चे हाइजमन विजेते. सात वर्षांत तीन हाइजमन, तिन्ही घरच्या अंगणातले आणि तिन्ही दुसऱ्याच्या ओटीत, ही गोष्ट ऑस्टिनमध्ये आजही हसण्यावारी नेली जात नाही.

यात पारखीइतकाच दोष वेळापत्रकाचा होता. टेक्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक मॅक ब्राउन यांच्या काळात पुढच्या तुकडीतल्या बहुतेक जागा वर्षभर आधी, फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरून जात. मॅन्झिएलचा शाळेतला गाजलेला हंगाम २०१० चा. तोवर क्वार्टरबॅकची जागा भरली होती. पुढे हे सर्वत्रच झाले. पूर्वी कॉलेज पक्के करणाऱ्या मुलांच्या सह्या फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी होत. २०१७ पासून डिसेंबरातही होऊ लागल्या, आणि २०२४ मध्ये तो दिवस ४ डिसेंबरला आला, तेव्हा टेक्ससमधल्या शाळांचे अंतिम सामने व्हायचेच होते. सतराव्या वर्षी उंची वाढणारा मुलगा या घाईत आपोआप मागे पडतो.

अशा उशिरा फुलणाऱ्यांची सोय ज्युनिअर कॉलेजांनी केली. आपल्या अकरावी-बारावीशी याचा संबंध नाही. शाळेनंतरच्या दोन वर्षांच्या शिक्षणाची ही स्वस्त, सरकारी कॉलेजे आहेत. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या खरबुजांच्या गावी शेतकऱ्याच्या घरी वाढलेला जॉश ॲलन उन्हाळ्यातली पैसे भरून करायची शिबिरे सोडून दुसरे खेळ आणि शेतावरचे काम करत राहिला; शाळा संपली तेव्हा त्याच्या हाती एकही शिष्यवृत्ती नव्हती. तो ज्या संघाचा लहानपणापासून चाहता, त्या जवळच्या फ्रेझ्नो स्टेटनेही त्याला घेतले नाही. रीडली कॉलेजात एक वर्ष काढून त्याने देशभरच्या प्रशिक्षकांना ई-मेल पाठवले; शेवटी टिकून राहिलेला होकार एकट्या वायोमिंगचा. २०१८ मध्ये बफेलो बिल्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले आणि २०२४ च्या हंगामात तो एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे गाजलेल्या ॲरन रॉजर्स या क्वार्टरबॅकचे तर निव्वळ नशीब. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जेफ टेडफोर्ड ब्यूट कॉलेजात गेले होते ते गॅरेट क्रॉस या टाइट एंडला, म्हणजे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला, पाहायला. त्याच्याकडे चेंडू फेकणारा मुलगाच त्यांच्या नजरेत भरला.

गेल्या काही वर्षांत या वाटा पुन्हा बदलल्या आहेत. करोनामुळे मार्च २०२० ते मे २०२१ पर्यंत प्रशिक्षकांना मुलांना प्रत्यक्ष भेटता आले नाही, खेळत्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळाले, आणि २०२१ पासून कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. परिणामी अनेक प्रशिक्षक शाळकरी मुलावर तीन वर्षे मेहनत घेण्याऐवजी दुसऱ्या कॉलेजात तयार झालेला बाविशीचा खेळाडू घेणे पसंत करू लागले. वॉर्डला हीच व्यवस्था फळली : इनकार्नेट वर्ड, मग वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी. त्याच्यामागून शाळा सोडणाऱ्यांच्या जागा मात्र तिने कमी केल्या.

खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांसाठी ८५ शिष्यवृत्तींची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संपूर्ण संघासाठी १०५ खेळाडूंची मर्यादा आली. पूर्वी शिष्यवृत्तीधारकांशिवाय तीस-चाळीस मुले स्वखर्चाने संघात असत. त्यांना वॉक-ऑन म्हणतात. आता त्यांच्यासाठी जागा थोड्याच उरल्या आहेत. आर्कान्सॉतल्या हॅरिसन गावचा जाड चष्म्याचा ब्रँडन बर्ल्सवर्थ लहान कॉलेजांच्या शिष्यवृत्त्या नाकारून राज्याच्या विद्यापीठात असाच दाखल झाला होता. १९९८ मध्ये तो देशाच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला, १९९९ च्या ड्राफ्टमध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सने त्याला घेतले आणि अकरा दिवसांनी मोटार अपघातात तो गेला. त्याच्या नावाचा करंडक २०१० पासून दरवर्षी वॉक-ऑन म्हणून सुरुवात केलेल्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जातो. मेफिल्डने तो दोनदा जिंकला आहे. नव्या नियमानुसार एखाद्या कॉलेजाने ठरवले तर त्याच्या संघातले सर्वच्या सर्व १०५ जण शिष्यवृत्तीवर असू शकतात.