धारवाडचे जंगल, कोकणातली आगरे : माणूस आणि माकड यांच्या भांडणाची पार्श्वभूमी

कोकणात दोन बागायतदार भेटले की पावसापाण्यानंतर विषय निघतो तो वानरांचा. शहाळी पाडली, केळीचा लोंगर गेला, फणस कोवळे असतानाच फोडले, घराची कौले सरकवली. बोलण्याचा शेवटही ठरलेला असतो : वनखात्याने ही जनावरे पकडावीत आणि लांब कुठेतरी जंगलात सोडावीत. वर्षभराची मेहनत एका सकाळी जाताना पाहिलेल्या माणसाचा हा वैताग खरा आहे, त्याला कुणी नावे ठेवू नयेत. पण या मागणीच्या मागे जवळजवळ सत्तर वर्षांचा इतिहास आहे. वानरांच्या वागण्याबद्दलची काही महत्त्वाची निरीक्षणे तर कोकणापासून फार दूर नाही, घाट चढून पलीकडे धारवाडला झालेली आहेत. ती आपल्याकडच्या चर्चेत फारशी येत नाहीत, म्हणून हा लेख.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. 'माकड' या एका शब्दात आपण तीन वेगळे प्राणी कोंबतो. पहिला काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर. त्याचा मोठा नर म्हणजे हुप्प्या. दुसरे टोपीमाकड. त्याच्या डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी बसवल्यासारखे केस असतात, तळकोकणात त्याला केल्टी म्हणतात, आणि भारताचा दक्षिण भाग सोडून ते जगात कुठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. तिसरे उत्तर भारतातले, आखूड शेपटीचे ऱ्हीसस माकड. दिल्ली, सिमला, मथुरेच्या बातम्यांत दिसते ते हे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला फरक फार मोठा आहे. वानराचे पोट कप्प्याकप्प्यांचे असते, त्यात पाला आंबतो आणि पचतो. म्हणून तो कोवळी पालवी, कळ्या, बिया, कच्ची फळे असे काहीही खाऊन राहू शकतो, आणि झाडावर निवांत बसून खातो. टोपीमाकडाचे आणि ऱ्हीससचे पोट साधे, पण त्यांच्या गालांत पिशव्या असतात. ती येतात, पिशव्या भरतात आणि पळतात. चघळण्याचे काम सुरक्षित जागी जाऊन करतात. एकाला हुसकावण्याची युक्ती दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. तरीही तक्रारीच्या अर्जात तिघांचा उल्लेख बहुधा 'माकडे' एवढाच असतो.

आता धारवाड. जपानमध्ये किंजी इमानिशी यांच्या शिष्यांनी माकडांच्या अभ्यासाची एक वेगळी रीत पाडली होती : टोळीतले प्रत्येक जनावर चेहऱ्याने ओळखायचे, त्याला नाव द्यायचे आणि वर्षानुवर्षे त्याच टोळीमागे राहायचे. त्याच परंपरेतले युकिमारू सुगियामा 1961 मध्ये भारतात आले आणि 1963 पर्यंत त्यांनी धारवाडच्या पश्चिमेकडच्या पानझडी जंगलातल्या वानरांचा अभ्यास केला. त्यांनी पाहिले की बहुतेक टोळ्यांत एकच मोठा नर, बऱ्याच माद्या आणि पिल्ले असतात. उरलेले नर वेगळे घोळके करून भटकतात. 1962 मध्ये अशाच सात नरांच्या घोळक्याने एका टोळीवर हल्ला केला. तिथला हुप्प्या हाकलला गेला, मग घोळक्यातल्या एकाने आपल्याच साथीदारांना पळवून टोळी ताब्यात घेतली. त्यानंतर टोळीतली अंगावर पिणारी पिल्ले मारली गेली. पिल्ले गेल्यावर माद्या लवकरच माजावर आल्या आणि नव्या नराशी त्यांचे मीलन झाले.

त्या काळी हे कुणाला पचेना. काही वर्षांपूर्वीच अमेरिकेच्या फिलिस जे यांनी लखनौजवळच्या कौकोरी गावात आणि बस्तरमधल्या ओरछ्यात वानरांचा अभ्यास करून त्यांचे बरेच शांत चित्र मांडले होते. मग 1971 पासून सारा ब्लॅफर हर्डी यांनी अबूच्या पहाडावर काम केले आणि सुचवले की पिल्ले मारणे हा वेडाचार नाही, नव्या नराचा त्यात वंशवृद्धीचा फायदा असतो. विरोधकांचे म्हणणे असे की हा सगळा गर्दीचा आणि माणसाच्या सान्निध्याचा परिणाम आहे. अबू काय, धारवाड काय, तिथले वानर 'नैसर्गिक' राहिलेलेच नाहीत. हा वाद कित्येक वर्षे चालला. पुढे नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीत दिसले की पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, आणि हर्डी यांच्या मताला मोठे बळ मिळाले. मला मात्र या वादातला दुसरा धागा जास्त मोलाचा वाटतो. भारतात वानरांचा अभ्यास सुरुवातीपासून गावाच्या, देवळाच्या, शेताच्या कडेलाच झाला. माणूस त्या चित्रात पहिल्या दिवसापासून होता.

पिंजरा लावण्याआधी धारवाडची ही गोष्ट आठवावी. गावाला त्रास देणारा दांडगा हुप्प्या पकडून नेला की टोळी निर्नायकी होते आणि बाहेर टपलेल्या नरांना दार उघडते. पुढची उलथापालथ गावातच होते, पिल्ले मेली तर माद्या पुन्हा लवकर वितात. संख्या कमी झाल्याचे समाधान टिकत नाही. आणि ज्या जंगलात तो हुप्प्या सोडला, तिथे आधीच एखादी टोळी आणि तिचा मालक असतो. मग तो जवळच्या दुसऱ्या गावाकडे वळला, तर नवल ते काय?

उत्तरेत गोष्ट वेगळ्या कारणाने सुरू झाली. पोलिओची लस तयार करायला ऱ्हीसस माकडांची मूत्रपिंडे लागत, त्यामुळे 1950 च्या दशकात भारतातून वर्षाला लाखाहून अधिक माकडे परदेशी जाऊ लागली. 1955 च्या जानेवारीत लंडनच्या विमानतळावर कोंडलेल्या गाडीत जवळजवळ 400 माकडे गुदमरून मेली. भारत सरकारने निर्यात थांबवली आणि काही काळाने अटी घालून पुन्हा सुरू केली. एवढी माकडे जातात तर मागे किती उरली, हे बघायला चार्ल्स साउथविक यांनी अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या मिर्झा अझहर बेग आणि एम. रफीक सिद्दिकी यांच्यासोबत 1959-60 मध्ये उत्तर प्रदेशात मोजणी केली. तिथली बहुसंख्य माकडे जंगलात नव्हतीच, ती गावांत, शहरांत, देवळांत आणि रस्त्याच्या कडेला राहत होती. पुढच्या वर्षांत त्यांची संख्या घसरत गेली. अमेरिकेत लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांसाठी भारतातली माकडे वापरल्याचे उघड झाल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने बंदी जाहीर केली आणि 1 एप्रिल 1978 पासून निर्यात कायमची थांबली. त्याआधी 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला होताच. माकडे पुन्हा वाढली, आणि ज्या जागी ती आधीपासून राहत होती, तिथेच वाढली : माणसांत.

दिल्लीत 2007 मध्ये माकडांना हुसकावताना उपमहापौर गच्चीवरून पडून दगावले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या आदेशाने शहरातली माकडे असोला भट्टीच्या अभयारण्यात हलवायला सुरुवात झाली. सरकारी इमारतींभोवती वानर बांधून माकडे पळवण्याचा प्रकारही बरीच वर्षे चालला, तो कायद्याने बंद झाल्यावर वानराचा आवाज काढणारी माणसे नेमावी लागली. हिमाचल प्रदेशाने 2006-07 पासून नसबंदीची मोहीम घेतली आणि दीड लाखाहून अधिक माकडांवर शस्त्रक्रिया केल्या. तरीही 2016 मध्ये सिमला शहराच्या हद्दीत माकड उपद्रवी ठरवून मारायला परवानगी द्यावी लागली. परवानगी आली, पण बंदूक उचलायला फारसे कुणी पुढे आले नाही. हनुमानाचे रूप मानलेल्या जनावरावर नेम धरायला हात धजावत नाही, हे आपल्यालाही कळण्यासारखे आहे.

स्थलांतराचा एक बरा अनुभवही नोंदलेला आहे. 1997 मध्ये वृंदावनातली सुमारे 600 माकडे आसपासच्या झाडीच्या जागांवर हलवली आणि ती तिथे टिकली. पण ती हलवली होती टोळ्यांच्या टोळ्या, नाती न तोडता, जागा आधी निवडून आणि नंतर वर्षानुवर्षे पाहणी करून. शिवाय वृंदावनात आजही माकडे भाविकांच्या डोळ्यांवरचे चश्मे पळवतातच.

कोकणाकडे परत येऊ. इथे निर्यातीचा प्रश्न नव्हता, इथे जमीन बदलली. वरकस जमिनीवर नाचणी-वरी व्हायची, तेव्हा राखणीला घरात माणसे होती. पोरे गोफण घेऊन बसायची, कुत्री असायची. घरटी माणसे मुंबईला गेली, शेते पडीक राहिली. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने डोंगरउतारांवर हापूस आणि काजूच्या बागा उभ्या राहिल्या. कोकणाला त्याने पैसा दिला, हे मान्यच. पण उंबर, जांभूळ, आईन, किंजळ असलेली मिश्र झाडी जिथे जिथे एकाच पिकाखाली गेली, तिथे वानराचे बारमाही ताट मोडले. त्याच जागी वर्षातले दोन-तीन महिने गच्च भरलेले ताट आले, आणि राखायला कुणी नाही. यात जनावराला 'सोकावले' म्हणून दोष देणे मला पटत नाही. ते तेच करते आहे जे ते आधीपासून करत होते : कमी फिरून जास्त खाणे.

खाऊ घालण्याने मात्र खरोखर वागणे बदलते. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या टोपीमाकडांवर बंगळूरच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात दिसले की ही माकडे पर्यटकाकडे बघून विशिष्ट आवाज काढतात, हात पुढे करतात आणि तो देतो का ते पाहत थांबतात. घाटात गाडी थांबवून बिस्किटे टाकणारे आपण हेच शिकवत असतो. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात मात्र वेगळीच जिव्हाळ्याची रीत आहे. तिथे 32 एकर जमीन माकडांच्या नावावर असल्याची महसुली नोंद आहे आणि पूर्वी लग्नकार्यात त्यांना आधी मान दिला जाई. त्या जमिनीवर झाडे आहेत. बिस्किटाचा पुडा आणि झाडे असलेली जमीन यांतला फरक त्या गावाला फार आधी कळला होता.

सिंधुदुर्गात या भांडणाला भीतीचीही एक किनार आहे. माकडतापाचा विषाणू 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासानूर जंगलात सापडला, तो ओळखण्याचे काम पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने केले. 2016 च्या सुमारास दोडामार्ग आणि सावंतवाडी भागात काजूच्या बागांत वावरणाऱ्यांना त्याने गाठले. हा ताप पसरवते गोचीड. माकड आपल्याइतकेच त्याला बळी पडते, बहुधा आपल्याआधी मरते. बागेत मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणे, एवढे तरी प्रत्येक बागायतदाराला माहीत हवे.

आणि केल्टी? म्हैसूर परिसरात वर्षानुवर्षे मोजणी करणाऱ्यांना दिसले की रस्त्याकडेचे जुने वड-पिंपळ तोडल्यावर टोपीमाकडे झपाट्याने कमी झाली. उत्तरेकडून ऱ्हीसस सरकत येऊन त्यांची जागा घेत आहे ते वेगळेच. जागतिक यादीत टोपीमाकड आता असुरक्षित प्रजातींत आहे. पिंजरे घेऊन गावात येणाऱ्या पथकाला गावकऱ्यांनी निदान एवढे विचारावे : पकडताय ते वानर की केल्टी, एकटा नर की अख्खी टोळी, आणि सोडणार आहात ते नेमके कुणाच्या बागेशेजारी?