हेलिकोबॅक्टरच्या जलद चाचण्या : पारखायच्या कशावर?

जठरातील तीव्र आम्लात जिवाणू तग धरू शकत नाहीत, ही समजूत वैद्यकशास्त्रात फार पक्की होती. त्यामुळे १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरेन यांना जठरदाहाच्या बायोप्सींमध्ये नागमोडी जिवाणू (आजचे हेलिकोबॅक्टर पायलोरी) दिसू लागले, तेव्हा फार थोड्यांनी ते मनावर घेतले. १९८१ मध्ये तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याचे पहिले ३४ प्रयत्न मात्र फसले, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की पात्रे टाकून दिली जात. एप्रिल १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे ती पाच दिवस तशीच राहिली आणि वसाहती उगवल्या. जिवाणूंचे हे हळूपण चाचण्यांच्या पुढील इतिहासात पुन्हा पुन्हा आडवे येते : संवर्धनात, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवताना, जिवाणू मिळाला तर संसर्ग निश्चित मानता येतो, पण मिळाला नाही म्हणून संसर्ग नाही, असे म्हणता येत नाही.

जलद निदानाची वाट या जिवाणूच्या युरिएज या विकराने (एन्झाइमने) दाखवली. तो युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करतो आणि त्याच्या आधारे जिवाणू आम्लात टिकतो. १९८५ मध्ये मॅकनल्टी आणि वाइज यांनी बायोप्सीचा तुकडा युरियाच्या द्रावणात टाकून रंगबदल पाहण्याची पद्धत मांडली, आणि १९८७ मध्ये मार्शल यांची जेलवर आधारलेली चाचणी प्रसिद्ध झाली, जिच्यात अमोनिया तयार झाला की फिनॉल रेड या रंगदर्शकामुळे पिवळा रंग गुलाबी होतो. त्याच वर्षी कार्बन-१३ युरियाची श्वासचाचणी आली (कार्बन-१३ ची खूण असलेला युरिया पोटात घेतल्यावर ती खूण श्वासात शोधायची), तिला एन्डोस्कोपीची गरज नव्हती. त्यानंतर रक्तातील प्रतिपिंडे (जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) शोधणाऱ्या पट्ट्या आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस विष्ठेतील प्रतिजन (जिवाणूचेच घटक) ओळखणाऱ्या चाचण्या वापरात आल्या.

या सर्व चाचण्या एकच गोष्ट मोजत नाहीत, आणि मूल्यमापनाची खरी अडचण तिथे सुरू होते. विकर, प्रतिजन आणि प्रतिपिंडे या तीन वेगळ्या खुणा आहेत. जिवाणू उपचाराने नाहीसा झाल्यावरही प्रतिपिंडे महिनोन्महिने रक्तात राहतात, म्हणून उपचार यशस्वी झाला का, हे रक्ताची पट्टी सांगू शकत नाही. शिवाय जिवाणू जठरात सर्वत्र सारखा पसरलेला नसतो; तो नसलेल्या जागेचा तुकडा घेतला गेला तर बायोप्सीही चुकते. त्यामुळे अनेक अभ्यासांत संवर्धन, ऊतकपरीक्षा (तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी) आणि युरिएज चाचणी यांचा एकत्रित निकाल कसोटी म्हणून वापरला जातो. मात्र पारखली जाणारी चाचणीच त्या कसोटीत सामील असेल, तर तिची अचूकता फुगून दिसते. कंपन्यांच्या माहितीपत्रकांतील टक्केवारी वाचताना हे आधी तपासावे.

टक्केवारीचा अर्थ लोकसंख्येवरही ठरतो. समजा, चाचणीची संवेदनशीलता (संसर्ग असलेल्यांना पकडण्याची क्षमता) आणि विशिष्टता (संसर्ग नसलेल्यांना निगेटिव्ह ठरवण्याची क्षमता) दोन्ही ९० टक्के आहेत. हजारांपैकी ६०० जणांना संसर्ग असेल, तर पॉझिटिव्ह आलेल्या ५८० पैकी ५४० खरे असतील. तो १०० जणांनाच असेल, तर पॉझिटिव्ह आलेल्या १८० पैकी निम्मेच खरे असतील. भारतात हा संसर्ग बहुधा बालपणीच होतो आणि त्याचे प्रमाणही मोठे आहे, म्हणून कमी संसर्गाच्या देशांतील निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. रक्ताच्या पट्ट्यांबाबत हे अधिकच खरे आहे, कारण त्यांत वापरलेली प्रतिजने स्थानिक जिवाणूंशी कितपत जुळतात यावर निकाल अवलंबून असतो, आणि म्हणून त्या वापरण्यापूर्वी त्यांची स्थानिक पडताळणी करावी लागते.

अभ्यासात सहभागी होणारे आणि दवाखान्यात येणारे रुग्ण यांतही फरक असतो. आम्ल कमी करणाऱ्या प्रोटॉन पंप इनहिबिटर गोळ्यांमुळे जिवाणूंची संख्या घटते आणि युरिएज, श्वास व विष्ठा या तिन्ही चाचण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. म्हणून या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे आधी थांबवण्याची शिफारस आहे. अचूकतेचे अनेक अभ्यास अशा गोळ्या घेणाऱ्यांना वगळूनच केले गेले. आपल्याकडे मात्र पित्ताच्या तक्रारीवर पँटोप्राझोल या अशाच गोळ्यांची पट्टी औषधांच्या दुकानातून सहज आणली जाते, आणि डॉक्टरांनी नेमके नाव घेऊन विचारले नाही, तर रुग्ण तिला औषधात धरतही नाही.