944 मिलिमीटर, पण कुठे?

26 जुलै 2005 चा पूर हा मुंबईतल्या कॉलेजांच्या पर्यावरण प्रकल्पांचा हुकमी विषय. सुरुवात ठरलेली: "त्या दिवशी मुंबईत 944 मिलिमीटर पाऊस पडला." आणि संदर्भसूचीत एकच शब्द, गुगल.

आकडा खरा आहे, पण तो सांताक्रूझच्या वेधशाळेचा. त्याच 24 तासांत कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटरची नोंद झाली. एकाच शहरात, एकाच हवामान खात्याची दोन मापं, दोन्ही विश्वासार्ह. चुकतो तो वाक्यातला 'मुंबईत' हा शब्द.

तारखेचंही तसंच. हवामान खातं सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा पाऊस मोजतं आणि तो दुसऱ्या दिवसाच्या नावावर लिहितं. म्हणून कुठे 26 तर कुठे 27 जुलै सापडते. ही पद्धत ठाऊक नसली, तर विद्यार्थी मूळ नोंदीलाच चुकीची ठरवून मोकळा होतो.

एखादा आकडा पाच संकेतस्थळांवर दिसला की आपण निर्धास्त होतो. पण पाचही जणांनी तो एकाच जागेवरून उतरवला असेल (बऱ्याचदा शुद्धलेखनाच्या चुकांसकट!), तर साक्षीदार एकच उरतो. त्यामुळे मोजलं कोणी, कुठे आणि कशाने, इथपर्यंत मागे जायला हवं. विकिपीडियाचा खरा उपयोग तिथेच: लेख वाचा, पण उतरवण्याआधी तळटीपा उघडा. चॅटजीपीटीने दिलेला संदर्भ तर मुळात अस्तित्वात आहे का, हे आधी शोधावं. नसलेले अहवालही तो ठणकावून सांगू शकतो.

स्रोत सरकारी की घरगुती, एवढ्यावर त्याची किंमत ठरवणं मला पटत नाही. कुर्ल्यातल्या आजींना पाऊस किती मिलिमीटर झाला ते सांगता येणार नाही. पण पाणी आधी मिठी नदीच्या बाजूने आलं की गटारातून वर आलं, हे त्यांनी दारात उभं राहून पाहिलेलं असतं, आणि पर्जन्यमापकाला ते कळत नाही. वेळेबाबत मात्र त्यांच्या आठवणीवर विसंबू नये. वीस वर्षांत आठवणी सरकतात. आणि पाणी का तुंबलं, असा प्रश्न असेल तर राज्य सरकारने नेमलेल्या माधवराव चितळे समितीचा अहवाल गाठावा.

प्रकल्पाचं पहिलं वाक्य मग असं होईल: "26 जुलै 2005 च्या सकाळी साडेआठपासून 24 तासांत सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिलिमीटर, तर कुलाब्यात सुमारे 73 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला."