पुण्यातली नोकरी, पोर्तुगालमध्ये घर: डी-8 व्हिसासाठी पात्रता आणि कागदपत्रं

हिंजवडी किंवा खराडीच्या कंपनीत असून घरून काम करणाऱ्या अनेकांच्या मनात येतं, की लॅपटॉपवरच काम करायचं तर घर बाणेरला असलं काय आणि लिस्बनला असलं काय. कामाला फरक पडत नसेल, पण कायद्याला पडतो. शेंगेनच्या, म्हणजे पोर्तुगालसह युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या, टुरिस्ट व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं आणि त्यातून तिथे राहण्याचा हक्क तयार होत नाही. स्थायिक व्हायचं असेल तर त्या वाटेने जाऊच नका.

पोर्तुगालने दुसऱ्या देशातल्या कंपनीसाठी किंवा ग्राहकांसाठी दुरून काम करणाऱ्यांना 30 ऑक्टोबर 2022 पासून वेगळा व्हिसा द्यायला सुरुवात केली. तोच डी-8. त्याचे दोन प्रकार आहेत आणि अर्जातच निवड करावी लागते. पहिला तात्पुरत्या मुक्कामाचा, एक वर्षापर्यंतचा. दुसरा निवासाचा. हा व्हिसा स्वतः चारच महिन्यांचा असतो, त्यावर दोनदा प्रवेश करता येतो आणि तिथे पोहोचल्यावर त्याच्या आधारे दोन वर्षांचा निवास परवाना मिळतो. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

पात्रता

पहिली अट उत्पन्नाची, आणि बहुतेकांचा निर्णय इथेच होतो. मागच्या तीन महिन्यांचं सरासरी मासिक उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट हवं. 2026 साठी तिथलं किमान वेतन 920 युरो आहे, म्हणजे 3,680 युरो. एक युरो शंभर रुपयांना धरला तर महिन्याला 3 लाख 68 हजार रुपये. किमान वेतन दर जानेवारीत बदलत आलंय, त्यामुळे डिसेंबरमध्ये केलेला हिशेब फेब्रुवारीच्या अर्जाला पुरेलच असं नाही. उत्पन्न काठावर असेल तर घाई करू नका. तीन महिन्यांत एकदा बोनस आला आणि सरासरी वर गेली, हे पगारपत्रकात लगेच दिसतं. नियमित पगारच मर्यादेच्या वर असावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

याशिवाय खात्यात शिल्लक दाखवावी लागते. साधारण वर्षभराचं किमान वेतन धरतात, म्हणजे एका माणसासाठी 11,040 युरो. सोबतच्या प्रौढ व्यक्तीसाठी त्यात निम्मी आणि प्रत्येक मुलासाठी तीस टक्के भर पडते. हे पैसे आदल्या आठवड्यात सासऱ्यांकडून आलेले दिसू नयेत. खात्यात ते काही महिने मुरलेले असावेत.

जोडप्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. पोर्तुगालने ऑक्टोबर 2025 मध्ये कुटुंबाला मागून बोलावून घेण्याचे नियम कडक केले. ‘मी आधी जातो, तू सहा महिन्यांनी ये’ हा बेत आता गृहीत धरता येत नाही. दोघांचं कसं होणार, हे पहिला अर्ज भरण्याआधीच ठरवा.

कंपनीचं पत्र

सगळ्यात अवघड कागद हाच. ‘वर्क फ्रॉम होम’ला परवानगी आहे, एवढं लिहिलेलं पत्र पुरत नाही. तुम्ही कधीपासून कोणत्या पदावर आहात, पगार किती, काम दुरून होण्यासारखं आहे आणि ते पोर्तुगालमध्ये राहून करायला कंपनीची हरकत नाही, हे सगळं लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह हवं.

एचआर इथे का कचरते, तेही समजून घ्या. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून काम करू लागला, की त्या देशाचं करखातं ‘कंपनीचा कारभार इथूनही चालतो’ असं म्हणू शकतं. सेवा देणाऱ्या कंपन्यांचा प्रश्न आणखी वेगळा. क्लायंटबरोबरच्या करारात काम कुठून होणार, डेटा कोणत्या देशातून उघडला जाणार, हे लिहिलेलं असतं. त्यामुळे मॅनेजर तोंडी ‘हो’ म्हणाला तरी ते त्याच्या हातात नसतं. विषय लीगल आणि टॅक्स विभागापर्यंत जातो आणि त्याला वेळ लागतो. म्हणून सुरुवात या पत्रापासून करा. हे पत्र हातात येण्याआधी फ्लॅट सोडू नका, मुलांच्या शाळेचा दाखला काढू नका, तिकीट तर मुळीच नको.

फ्रीलान्सरना पत्राऐवजी ग्राहकांबरोबरचे करार, बिलं आणि ती बिलं बँकेत जमा झाल्याच्या नोंदी लागतात. करार पोर्तुगालबाहेरच्या ग्राहकांचे हवेत. दोघांनीही सोबत बँक स्टेटमेंट आणि आयटीआर ठेवावा, नोकरदारांनी फॉर्म 16 सुद्धा.

पुण्यात काढायचे कागद

पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढायचं. शुल्क 500 रुपये. अपॉइंटमेंट मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात मिळते, बाणेरला प्रादेशिक कार्यालय आहे. भारतातल्या नोकरीसाठी पोलिस आयुक्तालयाकडून जो चारित्र्य पडताळणीचा दाखला घेतात, तो इथे चालत नाही. पासपोर्टवर लातूरचा किंवा नाशिकचा पत्ता आणि राहणं वाकडला, अशी स्थिती असेल तर नोंदणीकृत भाडेकरार जवळ ठेवा. नुसत्या नोटरीच्या करारावर अडवणूक होऊ शकते. आणि ऑनसाइट म्हणून कधी वर्षाहून जास्त दुसऱ्या देशात राहिला असाल, तर त्या देशाचाही पोलिस दाखला लागतो. अमेरिकेत राहिलेल्यांना एफबीआयकडून नोंद मागवावी लागते आणि तिच्यावर अपोस्टिलही, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, अमेरिकेतच होतं. हे अनेकांना उशिरा कळतं आणि तोवर पुण्यात काढलेलं पीसीसी जुनं होऊन जातं. म्हणून परदेशातला दाखला आधी मागवा, पुण्यातला नंतर.

भारतात अपोस्टिल म्हणजे केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. 1961 च्या हेग कराराच्या सदस्य देशांत तो मान्य असतो. भारत त्यात 2005 साली सामील झाला. पीसीसी केंद्र सरकारच्याच कार्यालयाचं असल्याने थेट अपोस्टिलला जातं. जन्माच्या आणि विवाहाच्या दाखल्यांना मात्र आधी राज्य सरकारची साक्षांकन प्रक्रिया करावी लागते. मंत्रालयाचं अपोस्टिल शुल्क कागदामागे 50 रुपये आहे, वर मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीचा सेवा आकार. डेक्कनला किंवा कॅम्पात कोणी हजारोंचा आकडा सांगितला, तर त्यातलं सरकारी शुल्क किती, हे जरूर विचारा.

विवाहाचा दाखला महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून मिळतो. मंगल कार्यालयाची पावती किंवा भटजींनी दिलेला कागद म्हणजे विवाह नोंदणी नव्हे. नोंदणी राहिली असेल तर आता करून घ्या. जुने हस्तलिखित जन्मदाखले फक्त मराठीत असतील तर मराठी-इंग्रजी असा नवा दाखला काढून घ्या.

आपल्याकडे खरी अडचण नावाची येते. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव, पगारपत्रकावर तिसरंच. इथे हे कोणाला खटकत नाही, पण परदेशी अधिकाऱ्याला ती तीन वेगळी माणसं वाटू शकतात. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा आणि बँक, कंपनी, दाखले त्याला जुळवून घ्या. नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा.

राहण्याचा पुरावा म्हणून शक्यतो वर्षभराचा भाडेकरार द्यावा. घरमालक बहुधा निफ, म्हणजे पोर्तुगालचा करक्रमांक मागतात. तो प्रतिनिधीमार्फत इथूनही काढता येतो. घर न बघता, फोटोंवर विश्वास ठेवून डिपॉझिट पाठवू नका. यात लोक फसले आहेत.

या सगळ्यासोबत अर्ज, फोटो, प्रवास विमा आणि पोर्तुगालमधली गुन्हे-नोंद तपासायला दिलेलं संमतिपत्र जोडून व्हिसा अर्ज केंद्रात जायचं. निर्णयासाठी कायद्यात 60 दिवसांची मुदत आहे.

पीएफ आणि कर

भारत आणि पोर्तुगाल यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार मे 2017 पासून लागू आहे. तुमची भारतीय कंपनीच तुम्हाला तिकडे पाठवते आहे असं असेल, तर ईपीएफओकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ घेऊन पीएफ इथेच चालू ठेवता येतो आणि दोन्हीकडे वर्गणी कापली जात नाही. अर्ज कंपनीमार्फत करायचा असल्याने पत्र मागतानाच हेही मागा. फ्रीलान्सरना ही सोय नाही. त्यांना पोर्तुगालमध्ये स्वयंरोजगार म्हणून नोंदवल्यावर सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचा 21.4 टक्के दर लागतो.

नोकरीसाठी देश सोडणाऱ्याचे भारतातले दिवस आर्थिक वर्षात 182 च्या आत असतील, तर त्या वर्षी तो इथला कररहिवासी ठरत नाही. त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यात निघणं आणि ऑक्टोबरमध्ये निघणं यात करापुरता मोठा फरक आहे. पोर्तुगालमध्ये 183 दिवस झाले, किंवा कायमचं घर तिथे केलं, की तिथला कर लागू होतो. त्याचे टप्पे 48 टक्क्यांपर्यंत जातात. परदेशी लोकांना दहा वर्षं सवलत देणारी जुनी योजना 2024 पासून नव्या लोकांना बंद झाली आणि तिच्या जागी आलेली योजना ठरावीक क्षेत्रांपुरतीच आहे. जुने व्हिडिओ पाहून हिशेब मांडू नका. दोन्ही देशांचा कर समजणाऱ्या सीएला दिलेली फी इथे वसूल होते. बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं, करून घ्यायचं, तेही त्यालाच विचारून.

पोहोचल्यावर

निवास परवाना ‘आइमा’ ही संस्था देते. ऑक्टोबर 2023 मध्ये ती जुन्या खात्याच्या जागी आली आणि तिच्याकडे प्रलंबित अर्ज खूप आहेत. अपॉइंटमेंटला मूळ कागद, अपोस्टिलसह, सोबत हवेत. म्हणून ते सामानात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा. पत्त्याचा दाखला स्थानिक ‘जुंता’ कार्यालयातून मिळतो, साधारण आपल्या क्षेत्रीय कार्यालयासारखं ते.

आईवडील पुण्यात एकटे असतील तर एक नियम आधीच लक्षात असू द्या. या परवान्याच्या मुदतीत सलग 6 महिने, किंवा तुकड्यातुकड्याने मिळून 8 महिन्यांपेक्षा जास्त काळ पोर्तुगालबाहेर राहिलं तर परवाना रद्द होऊ शकतो. कोणाचं आजारपण निघालं आणि जास्त थांबावं लागणार असं दिसलं, तर आइमाला लेखी कळवा, शक्यतो तिथून निघण्याआधीच. हॉस्पिटलचे कागद आणि बोर्डिंग पासही जपून ठेवा.