आघाडी राखण्याची सावधगिरी: अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

25 नोव्हेंबर 2023 रोजी ऑबर्न विद्यापीठाचा संघ आपल्या जॉर्डन-हेअर स्टेडियमवर अलाबामा विद्यापीठाविरुद्ध 24–20 असा पुढे होता. सामना संपायला मिनिटभरही उरला नव्हता, अलाबामाचा चौथा, म्हणजे शेवटचा डाउन (चेंडू दहा यार्ड पुढे नेण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक) होता आणि एंड झोन, म्हणजे गुणांसाठी चेंडू जिथे न्यायचा तो मैदानाच्या टोकाचा पट्टा, 31 यार्डांवर होता. ऑबर्नने अकरापैकी फक्त दोन खेळाडू पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅक जेलन मिलरोवर धाडले, तो स्वतः चेंडू घेऊन धावू लागला तर अडवायला एकाला मध्ये ठेवले आणि उरलेले आठ जण मागे पसरवले. मिलरोला कोणी हात लावू शकले नाही. त्याने शांतपणे वाट पाहिली आणि एंड झोनच्या डाव्या कोपऱ्यात आयझाया बाँडकडे चेंडू फेकला. अलाबामाने सामना 27–24 असा जिंकला, पुढच्याच आठवड्यात अटलांटात सलग दोन वर्षांच्या विजेत्या जॉर्जियालाही 27–24 असेच हरवले आणि चार संघांच्या प्लेऑफमध्ये प्रवेश मिळवला. तेरापैकी तेरा सामने जिंकलेल्या फ्लोरिडा स्टेटला मात्र बाहेर राहावे लागले. एका डाउनवर दोन माणसे सोडायची की चार, या निर्णयाचे परिणाम इतके दूरवर गेल्यामुळे या बचावावरचा वाद पुन्हा पेटला. वाद नवा नाही, आणि दर वेळी तो ‘प्रशिक्षक घाबरला’ एवढ्यावरच अडकतो, ही त्यातली खेदाची बाब आहे.

ज्या डावपेचावरून हा वाद होतो त्याला प्रिव्हेंट डिफेन्स म्हणतात. त्याची मूळ कल्पना क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला लगेच कळेल, कारण शेवटच्या षटकात मोठी धावसंख्या हातात असलेला कर्णधार क्षेत्ररक्षक सीमारेषेवर नेतो आणि एकेरी धाव खुशाल देतो, तोच हा हिशोब आहे. चेंडू आपल्या डोक्यावरून मागे जाऊ द्यायचा नाही, समोर छोटे पास पूर्ण होऊ द्यायचे, पकडणाऱ्याला मैदानाच्या आतच पाडायचे आणि दरम्यान घड्याळ चालू ठेवायचे, हे त्याचे सूत्र आहे. त्यासाठी अवजड शरीराचे पुढच्या फळीतले खेळाडू काढून त्यांच्या जागी वेगवान डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे मागे राहून पास अडवणारे खेळाडू, आणले जातात.

या बचावामागे नियमांचा दीर्घ इतिहास आहे. 1905 च्या हंगामात मैदानावर झालेल्या मृत्यूंनंतर खेळच बंद करण्याची मागणी झाली आणि 1906 साली पुढे चेंडू फेकण्याला, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली. सुरुवातीला त्यावर जाचक अटी होत्या. वीस यार्डांपलीकडे पास फेकण्यावरची बंदी 1912 साली उठली आणि एंड झोनमध्ये पास पकडणेही त्याच वर्षी वैध ठरले. लांब पासची भीती तेव्हापासूनची असली, तरी खास त्याच कामासाठी वेगळे खेळाडू मैदानात आणणे मात्र बराच काळ शक्य नव्हते. 1953 पासून कॉलेज फुटबॉलमध्ये बदली खेळाडूंवर कडक मर्यादा होत्या आणि तेच खेळाडू आक्रमणही करत, बचावही करत. साठच्या दशकाच्या मध्यावर या मर्यादा उठल्या, दोन्ही बाजूंचे स्वतंत्र संच तयार झाले आणि पाच किंवा सहा डिफेन्सिव्ह बॅकांची फळी हव्या त्या क्षणी उतरवणे सोपे झाले.

नेमक्या याच सुमारास घड्याळाचा नियम विरुद्ध दिशेने बदलला, आणि माझ्या मते या साऱ्या वादाचे मूळ तिथे आहे. 1968 पासून कॉलेज फुटबॉलमध्ये प्रत्येक नव्या फर्स्ट डाउनला, म्हणजे दहा यार्ड पार करून नवे चार प्रयत्न मिळाले की, घड्याळ थोडा वेळ थांबू लागले. व्यावसायिक एनएफएलमध्ये असे थांबत नाही. तिथे मैदानाच्या आत बारा यार्डांचा पास देऊन खेळाडूला पाडले, तर आक्रमक संघाचे मौल्यवान सेकंद घड्याळ खात राहते. कॉलेजच्या सामन्यात (2023 पासून फक्त प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत) तोच पास पूर्ण झाला की घड्याळ थांबते, खेळाडू नव्या जागी जाऊन उभे राहतात आणि मगच ते पुन्हा सुरू होते. म्हणजे छोटे पास देऊन वेळ विकत घेण्याचा जो सौदा व्यावसायिक खेळात बऱ्यापैकी फायद्याचा ठरतो, तो कॉलेजमध्ये कितीतरी महाग पडतो. तरीही कॉलेजचे प्रशिक्षक तोच सौदा करत राहिले.

1968 च्याच 23 नोव्हेंबरला येल आणि हार्वर्ड हे दोन अपराजित संघ भिडले. येल 29–13 असा पुढे असताना हार्वर्डने शेवटच्या 42 सेकंदांत 16 गुण मिळवले आणि सामना 29–29 असा सुटला. त्यात चेंडू परत मिळवण्यासाठी मारलेल्या आखूड किकचाही वाटा होता, त्यामुळे दोष एकट्या बचावावर टाकता येणार नाही. मात्र सोळा गुणांची आघाडीही निश्चिंत करत नाही, हे प्रशिक्षकांच्या मनावर या सामन्याने कायमचे बिंबवले.

1984 च्या नोव्हेंबरमध्ये मायामीच्या वाट्याला आलेले दोन आठवडे मात्र सविस्तर सांगायला हवेत. आदल्या वर्षीचा हा राष्ट्रीय विजेता संघ 10 नोव्हेंबरला मेरीलँडविरुद्ध मध्यंतराला 31–0 असा पुढे होता आणि 42–40 असा हरला. 23 नोव्हेंबरला बॉस्टन कॉलेजविरुद्ध 45–41 अशी आघाडी असताना सहा सेकंद उरले होते आणि चेंडू मायामीच्या 48 यार्डांच्या रेषेवर होता. डग फ्लूटी हा उंचीने लहान क्वार्टरबॅक मागे सरकत साठ यार्डांहून लांब फेकू शकेल असे बचावपटूंना वाटले नाही. ते एंड झोनच्या पुढे गोळा झाले, जेरार्ड फेलन त्यांच्या मागे निसटला आणि सामना 47–45 असा फिरला. ज्या बचावाचा एकमेव नियम ‘कोणालाही मागे जाऊ देऊ नका’ हा आहे, त्यात तोच नियम मोडला गेला. म्हणून या पराभवाला डावपेचापेक्षा शिस्तीतली चूक म्हणणे अधिक योग्य ठरेल.

24 सप्टेंबर 1994 चा अॅन आर्बरमधला सामना वेगळा आहे. 26–21 असे पुढे असलेल्या मिशिगनने सहा सेकंद बाकी असताना कोलोराडोच्या कॉर्डेल स्टुअर्टवर तीनच खेळाडू धाडले. चांगला रिसिव्हर, म्हणजे पास पकडणारा खेळाडू, चाळीस यार्ड धावायला साधारण साडेचार सेकंद घेतो, त्यामुळे साठ-पासष्ट यार्डांवरच्या पाससाठी क्वार्टरबॅकला सहा-सात सेकंद उभे राहता आले पाहिजे. तिघांच्या धावण्याने ती सवड त्याला मिळाली. चेंडू गर्दीत उडाला आणि मायकेल वेस्टब्रुकच्या हातात पडला. कोलोराडो 27–26 असा जिंकला. विशेष म्हणजे पूर्वार्धाच्या अखेरीस कोलोराडोने हाच डाव टाकला होता आणि तेव्हा मिशिगनने तो पास मध्येच पकडला होता. एकदा जमलेला बचाव दुसऱ्यांदा जमेल, हा विश्वास समजण्यासारखा आहे.

दबाव टाकावा असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद इथे भक्कम होतो. एका डावात पास पकडण्यास पात्र खेळाडू, क्वार्टरबॅक वगळता, जास्तीत जास्त पाच असतात. चौघे धाडले तरी मागे सात उरतात. सातांचे आठ केल्याने पाचांवरचा पहारा थोडाच घट्ट होतो, पण समोरच्याला मिळणारा वेळ बराच वाढतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही हलके नाही. दबावासाठी पाच-सहा जण सोडले आणि त्यातला एकही पोहोचला नाही, तर मागे एकास एक राहतो आणि एकाचा पाय घसरला तरी टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये नेऊन मिळणारे सहा गुण) होतो. कॉलेजचे बचावपटू विशीच्या आसपासची मुले आहेत, व्यावसायिकांइतका सराव त्यांच्याकडे नसतो, म्हणून प्रशिक्षक मागे माणसे वाढवतो. या काळजीला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

ज्याची चर्चा कमी होते तो मुद्दा आघाडी किती गुणांची आहे हा. चार ते आठ गुणांनी पुढे असलेल्या संघाला टचडाउनच रोखायचा असतो, त्यामुळे मधले तीस-चाळीस यार्ड देणे परवडते. तीन किंवा त्याहून कमी गुणांची आघाडी असेल तर एका फील्ड गोलने, म्हणजे किक मारून मिळवलेल्या तीन गुणांनी, बरोबरी किंवा पराभव होऊ शकतो. स्वतःच्या 25 यार्डांच्या रेषेवरून निघालेला संघ चाळीस यार्ड पुढे सरकला, की 52 यार्डांची किक मारण्याच्या जागी पोहोचतो, आणि वीस यार्डांचे दोन सोपे पास त्याला तिथे नेतात. अशा वेळी मागे सरकणारा बचाव प्रतिस्पर्ध्याला हवी तीच जागा आंदण देतो.

2023 च्या हंगामापासून फर्स्ट डाउनला घड्याळ थांबवण्याचा नियम बदलला. आता ते बहुतांश वेळ चालूच राहते आणि फक्त प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत पूर्वीसारखे थांबते. ज्या दोन मिनिटांत प्रिव्हेंट डिफेन्स प्रामुख्याने वापरला जातो, नेमकी तीच दोन मिनिटे या बदलातून वगळली गेली आहेत.