टुंडू लिसूंची खासदारकी आणि २०१९ चा तो निर्णय : पार्श्वभूमी

२९ ऑक्टोबर २०२५ ला टांझानियात मतदान झालं तेव्हा मुख्य विरोधी पक्ष चाडेमाचे अध्यक्ष टुंडू लिसू जेलमध्ये होते आणि त्यांचा पक्ष निवडणुकीतच नव्हता. बातम्यांत एवढंच आलं, त्यामुळे खूप जणांना वाटतं की हे सगळं गेल्या वर्षा-दोन वर्षांतलं आहे. तसं नाहीये. कायद्याचं कलम हातात घेऊन माणसाला राजकारणातून बाहेर काढायचं, हे लिसूंच्या बाबतीत २०१९ मध्येच झालं होतं, आणि आपल्याकडे त्याची कोणी फारशी दखलच घेतली नाही.

आधीचं थोडक्यात. जन्म १९६८ चा, सिंगिडा भागातला. दार एस सलामला कायद्याची पदवी, मग इंग्लंडात वॉरिकला पुढचं शिक्षण, आणि परत येऊन पर्यावरणाच्या केसेस. बुल्यानहुलूच्या सोन्याच्या खाणीतून १९९६ मध्ये छोट्या खाणकामगारांना हाकलताना काही जण खड्ड्यांतच गाडले गेले असा आरोप होता, सरकार आणि कंपनीने तो कायम नाकारला. लिसूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या चौकशीची मागणी लावून धरली, तर त्यांच्यावरच राजद्रोहाचा खटला भरला गेला. २०१० मध्ये ते पूर्व सिंगिडातून खासदार झाले आणि २०१५ ला पुन्हा निवडून आले.

२०१७ हे वर्ष महत्त्वाचं. मार्चमध्ये ते वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. ऑगस्टमध्ये त्यांनी सांगितलं की सरकारने घेतलेलं नवं विमान कॅनडात अडकवून ठेवलंय, कारण रस्त्याच्या जुन्या कंत्राटाची भरपाई थकली आहे. मधल्या काळात अटका चालूच होत्या.

मग ७ सप्टेंबर. संसदेतलं सकाळचं कामकाज संपवून लिसू राजधानी डोडोमातल्या घरी पोचले आणि गाडी आवारात थांबली तोच गोळीबार सुरू झाला. सोळा गोळ्या लागल्या, ड्रायव्हर वाचला. संसदेचा आग्रह होता की रिवाजाप्रमाणे आधी दार एस सलामच्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं, तिथून शिफारस झाली तर परदेशी (तिथल्या खासदारांना तेव्हा बरेचदा आपल्याकडे भारतातच पाठवायचे), पण सहकाऱ्यांना देशात ठेवणं धोक्याचं वाटलं आणि त्याच रात्री त्यांना विमानाने नैरोबीला हलवलं. जानेवारी २०१८ मध्ये तिथून बेल्जियमला, मग एकामागून एक ऑपरेशनं. गोळ्या झाडणारे कोण याचा खटला आजपर्यंत उभा राहिलेला नाही.

आता मुख्य मुद्दा. २८ जून २०१९ ला सभापतींनी जाहीर केलं की लिसूंची जागा रिकामी झाली. कारणं दोन दिली: ते सभागृहात येत नाहीत आणि कुठे आहेत हे लेखी कळवलेलं नाही, शिवाय मालमत्तेचं विवरण भरलेलं नाही. टांझानियाच्या राज्यघटनेत कलम ७१ आहे, सभापतींच्या परवानगीशिवाय लागोपाठ तीन अधिवेशनं चुकवली की सदस्यत्व जातं. म्हणजे कागदावर आधार होता हे मान्य करायलाच हवं. सभापतींच्या बाजूने आणखी एक म्हणणं होतं, की २०१९ च्या सुरुवातीला लिसू युरोप-अमेरिकेत फिरून मुलाखती देत होते, मग सभागृहात यायला काय अडचण? हा प्रश्न अगदीच फालतू नाही. पण मुलाखत देणं वेगळं आणि जिथे गोळ्या घातल्या, आणि गोळ्या घालणारे मोकळे आहेत, त्याच गावात परत जाऊन बसणं वेगळं. आणि कुठे आहेत ते माहीत नाही हे कसं पटायचं? खासदार कामकाजावरून घरी जाताना मरता मरता वाचला, कुठल्या देशात उपचार घेतोय हे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. आपल्याकडे साठ दिवस गैरहजर राहिलं तर जागा रिकामी करायची की नाही ते सभागृह ठरवतं, तिथे मात्र सगळं एका खुर्चीच्या परवानगीवर अडकलेलं.

पोटनिवडणुकीत सत्ताधारी पक्षाचा उमेदवार बिनविरोध आला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याचा शपथविधीही झाला. लिसूंनी भावामार्फत हायकोर्टात अर्ज केला होता, तो काही दिवसांत फेटाळला गेला. कोर्टाचं म्हणणं असं की आता त्या जागेवर दुसरा खासदार आहे, तर दाद निवडणूक याचिकेतूनच मागा. म्हणजे जागा रिकामी करणं बरोबर होतं का, यावर निकाल आलाच नाही, आणि मला तरी तीच सगळ्यात मोठी खंत वाटते.

पुढचं सगळं भराभर घडलं. जुलै २०२० मध्ये ते परतले, राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, मधेच सात दिवस प्रचारबंदी सोसली, आणि अधिकृत निकालात त्यांना १३ टक्के तर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांना ८४ टक्के मतं मिळाली. त्यांनी निकाल मानला नाही, जिवाच्या धमक्या आल्या, जर्मन राजदूताच्या घरी आसरा घेऊन पुन्हा बेल्जियम गाठावं लागलं. मार्च २०२१ मध्ये मागुफुली वारले, नव्या राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांनी २०२२ मध्ये ब्रसेल्सला लिसूंची भेट घेतली, जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांच्या सभांवर असलेली बंदी उठली आणि त्याच महिन्यात ते घरी आले. तेव्हा वाटलं होतं की गाडी रुळावर येतेय.

जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी पक्षाच्या जुन्या अध्यक्षांना ५१३ विरुद्ध ४८२ असं हरवलं आणि ‘सुधारणा नाहीत तर निवडणूक नाही’ ही मोहीम काढली. ९ एप्रिलला दक्षिणेत म्बिंगाला सभेनंतर अटक झाली, दुसऱ्या दिवशी देशद्रोहाचा आरोप ठेवला, ज्यात जामीन नाही आणि शिक्षा फाशीपर्यंत. त्याच आठवड्यात, आचारसंहितेवर सही केली नाही म्हणून, चाडेमाला निवडणुकीतून बाद केलं. जूनमध्ये लिसूंनी कोर्टाला सांगितलं की वकिलांशी खाजगीत बोलू देत नाहीत, तेव्हा माझी बाजू मीच मांडणार. मतदानाला तीन आठवडे राहिले असताना, ६ ऑक्टोबरला दार एस सलामच्या हायकोर्टात खटल्याची सुनावणी सुरू झाली आणि सरकारी साक्षीदारांची उलटतपासणी आरोपी म्हणून ते स्वतःच घेऊ लागले.