हलकी क्रूझर

मुख्यतः ६ इंची (१५२ मिमी.) तोफा वाहणारी वेगवान युद्धनौका. ‘हलकी’ हे विशेषण नौकेच्या वजनाला नसून तोफेच्या नळीच्या आतील व्यासाला आहे. नौदलांच्या युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या १९३०च्या लंडन नाविक करारात क्रूझरांचे दोन पोटगट पाडले गेले : ६.१ इंचांहून (१५५ मिमी.) मोठ्या तोफांचा आणि तेवढ्या किंवा त्याहून लहान तोफांचा. ‘जड’ व ‘हलकी’ ही नावे त्यांना वापरातून चिकटली.

प्रकाराच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तिसऱ्या दर्जाच्या क्रूझरांपर्यंत मागे नेतात. काही जण जर्मन ‘लहान क्रूझरां’ना मान देतात, २२ सप्टेंबर १९१४ रोजी मद्रासवर तोफा डागणारी एम्डेन त्यांपैकीच. मात्र या जुन्या नौकांचे रक्षण प्रामुख्याने चिलखती डेकवर विसंबून होते. बाजूंना चिलखती पट्टा, वाफेची टर्बाइन आणि केवळ तेलाचे इंधन ही तिन्ही ज्यात एकत्र आली, त्या ब्रिटिश अरेथ्यूसा वर्गापासून (वर्ग म्हणजे एकाच आराखड्याच्या नौकांचा गट) (साधारण १९१२–१४) आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

तोफेच्या निकषाची मर्यादा जपानी शाही नौदलाच्या मोगामी वर्गात उघड झाली. या नौका १५५ मिमी.च्या १५ तोफांसह ‘हलक्या’ म्हणून बांधल्या गेल्या. १९३९–४०च्या सुमारास तिथे २०३ मिमी.च्या १० तोफा बसल्या आणि त्याच नौका ‘जड’ झाल्या. जपानी प्रघातानुसार जड क्रूझरांना पर्वतांची, हलक्यांना नद्यांची नावे मिळत. तोफा बदलल्या, तरी मोगामी, मिकुमा, सुझुया, कुमानो ही नद्यांची नावे तशीच राहिली.

भारताकडे दोन हलक्या क्रूझर होत्या. दिल्ली (पूर्वीची अकिलीस, मूळ बांधणीत ८ तोफा) सप्टेंबर १९४८मध्ये मुंबईत आली. म्हैसूर (पूर्वीची नायजेरिया, भारतीय सेवेत ९ तोफा) १९५७मध्ये दाखल झाली. डिसेंबर १९६१च्या गोवा मोहिमेत दिल्ली दीवकडे, तर म्हैसूर अंजदीव बेटाकडे होती. ‘लिअँडर’ या नावाने मुंबईत हमखास घोटाळा होतो. दिल्ली १९३०च्या दशकातील लिअँडर क्रूझर वर्गाची. माझगाव गोदीत बांधलेली निलगिरी (१९७२) मात्र त्याच नावाच्या, पुढच्या काळातील फ्रिगेट (क्रूझरहून लहान युद्धनौका) वर्गाची. दोहोंत नावापलीकडे काही समान नाही.

दिल्ली १९७८मध्ये आणि म्हैसूर १९८५मध्ये निवृत्त झाली. दोन्ही नावे माझगावच्याच विनाशिकांना (१९९७, १९९९) मिळाली. ६ हजार टनांवरच्या या विनाशिकांवर मुळात १०० मिमी.ची एकच तोफ होती.